आहार-तक्त्यात ‘ऐवजी’चा रकाना हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अधूनमधून वजन घटवण्यासाठी सात दिवसांचा आहार-तक्ता प्रसिद्ध होतो आणि आमच्या घरी तो कात्रीने कापून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला जातो. गेल्या वेळचा तक्ता चौथ्या दिवशीच दारावरून उतरला. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. उष्मांक मोजून घेतलेले होते, प्रथिने पुरेशी होती, तेलाला आवर होता. परंतु सोमवारी सकाळी ओट्स, मंगळवारी दोन उकडलेली अंडी, बुधवारी दुपारी दुधीची भाजी, गुरुवारी ब्रोकोली आणि त्याच आठवड्यात आलेल्या एकादशीबद्दल अवाक्षर नाही, असा तो तक्ता होता. माझे यजमान माळकरी आहेत, त्यामुळे मंगळवार आपोआप बाद झाला. ओट्सचा बुळबुळीतपणा त्यांच्या घशाखाली उतरत नाही आणि दुधीचे नाव काढले की ते जेवायच्या आधीच पोट भरल्याचे सांगतात. या तिन्हींच्या जागी काय खावे, आणि मुख्य म्हणजे किती खावे, हे त्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

मी पंढरपूरची रहिवासी असून कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षे गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. त्या अनुभवाच्या आधारे माझी आपल्याला एकच विनंती आहे. यापुढे असा तक्ता छापताना प्रत्येक पदार्थापुढे ‘ऐवजी’ असा एक अरुंद रकाना द्यावा आणि त्यात पर्यायाच्या नावाबरोबर त्याचे मापही द्यावे. ही मागणी किरकोळ वाटेल. तरीही ती एवढ्या विस्ताराने का करीत आहे, ते पुढे लिहिते.

नावडता पदार्थ तक्त्यात आला की माणूस तो नुसता वगळतो किंवा स्वतःच्या मनाने बदलतो. वगळण्याचा परिणाम आमच्या घरी मी डोळ्यांनी पाहिला आहे. नऊ वाजता ओट्सची वाटी तशीच बाजूला सरकली, अकराला चहाबरोबर दोन खाऱ्या आल्या, आणि साडेबाराला ‘आज सकाळपासून काही खाल्लेले नाही’ या भावनेने भाताचा तिसरा वाढप झाला. मनाने बदलण्याचा प्रकार याहून फसवा असतो, कारण त्यात नियम पाळल्याचे समाधान मिळते. ओट्सऐवजी पाकिटावर धान्यांची चित्रे असलेली बिस्किटे, ताकाऐवजी लस्सी, संत्र्याऐवजी संत्र्याचा रस, दुधीऐवजी बटाटा, साखरेऐवजी गूळ, या बदल्या आपल्याकडे घरोघर चालतात. गुळाला लोहाचे प्रशस्तिपत्र देऊन लोक दोन खडे जास्त खातात, पण ऊर्जेच्या हिशेबाने गूळ आणि साखर यांच्यात नाव घेण्याजोगा फरक नाही. रसाच्या एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि पोट भरल्याची जाणीव देणारा चोथा गाळणीत राहतो. तीन संत्री सोलून खायला बसलेला माणूस बहुधा दुसऱ्यावरच थांबतो.

यावर ‘वजन कमी करायचे तर जिभेचे चोचले बाजूला ठेवावेत’ असे एक उत्तर ठरलेले आहे. ते मलाही एकेकाळी पटत असे. पण २००५ साली अमेरिकेतील बोस्टन येथे १६० जणांवर वर्षभर केलेल्या एका तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता, तो या उत्तराच्या विरोधात जातो. चार वेगवेगळ्या नामांकित आहारपद्धती तेथे चार गटांना नेमून दिलेल्या होत्या. वर्षाअखेरीस असे दिसले की कोणती पद्धत मिळाली यापेक्षा ती किती नेटाने पाळली गेली, याच्याशी वजनातील घट अधिक जोडलेली होती, आणि बरेच जण वर्ष पुरे होण्याआधीच गळाले होते. आपल्याकडे ‘दिवसातून दोनदाच जेवा’ आणि ‘दर दोन तासांनी खा’ या दोन पंथांत गेली काही वर्षे लग्नाच्या पंगतींतसुद्धा वाद रंगतात. त्या वादाइतकाच वेळ ‘तुम्हाला काय खायला आवडत नाही’ या प्रश्नाला दिला गेला असता, तर अनेक तक्ते चौथ्या दिवसापलीकडे गेले असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटात २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते, आणि तेही शरीर-वस्तुमान निर्देशांकाची (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) रेघ २५ वर ओढून. भारतीयांसाठी सुचवलेली २३ ची रेघ धरली तर ही संख्या आणखी फुगते. इतक्या लोकांच्या जिभा एकसारख्या असतील असे गृहीत धरून एकच तक्ता कसा चालावा?

पदार्थांची अदलाबदल शास्त्रशुद्ध रीतीने करण्याची सोय काही नवी नाही. १९५० मध्ये अमेरिकेत तेथील आहारतज्ज्ञांची संघटना, मधुमेह संघटना आणि सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी मिळून मधुमेहींसाठी अशा याद्या तयार केल्या. दूध, भाज्या, फळे, पाव-धान्ये, मांस आणि स्निग्ध पदार्थ असे सहा गट पाडले आणि प्रत्येक गटात ठरावीक मापाचा कोणताही पदार्थ दुसऱ्याच्या जागी चालेल अशी योजना केली. आज प्रचलित असलेल्या हिशेबाने धान्याच्या एका मापात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके, ३ ग्रॅम प्रथिने आणि ८० उष्मांक, फळाच्या मापात १५ ग्रॅम कर्बोदके आणि ६० उष्मांक, स्निग्ध पदार्थाच्या मापात ५ ग्रॅम मेद आणि ४५ उष्मांक येतात. या योजनेतील मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे बटाट्याची जागा. तो भाज्यांच्या यादीत नसून धान्यांच्या यादीत आहे. मी वर्गात हे सांगितले की मुली हसत असत, कारण मंडईत बटाटा भाजीवाल्याकडे मिळतो, वाण्याकडे नाही. पण १०० ग्रॅम दुधीत पंधराच्या आत-बाहेर उष्मांक असतात आणि तितक्याच बटाट्यात सत्तरच्या पुढे. म्हणून दुधी नको असेल तर दोडका, पडवळ, घोसाळे, तोंडली, कोबी यांपैकी काहीही घ्यावे, आणि बटाटाच हवा असेल तर त्या जेवणातली भाकरी तेवढी कमी करावी. ज्या कामासाठी पदार्थ ताटात आला आहे, तेच काम दुसऱ्याने तितक्याच मापात केले पाहिजे, एवढाच या याद्यांचा अर्थ आहे.

आता मापाकडे वळते, कारण आपल्याकडच्या तक्त्यांचे खरे दुखणे तेथे आहे. ‘एक भाकरी’ असे लिहिणाऱ्याने बहुधा कधी आमच्याकडची भाकरी पाहिलेली नसते. शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची आमच्या घरची भाकरी मी एकदा पिठासकट तोलली, तर ८० ग्रॅम पीठ भरले. म्हणजे एकाच भाकरीत सुमारे २६५ उष्मांक. पुण्या-मुंबईकडच्या काही घरी होणारी नाजूक भाकरी ४० ग्रॅम पिठात बसते. दोघींनी तक्त्याबरहुकूम ‘एक’च खाल्ली, तरी माझ्या ताटात दुप्पट गेले. वाटीचेही तेच. आमच्या मांडणीत पाच आकारांच्या वाट्या आहेत, आणि यजमानांची भाताची वाटी ही सासूबाईंच्या काळातली, जिला दुसऱ्या घरात लहान पातेले म्हणतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटाचे माप कच्च्या वजनात ग्रॅममध्ये दिलेले आहे: धान्ये २५०, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५, भाज्या ४००, फळे १००, सुका मेवा व तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलीटर. वजन घटवणाऱ्याला यातून धान्य आणि स्निग्ध पदार्थ कमी करावे लागतील, हे उघड आहे. पण निदान माप असे दिले की बदली करणे सोपे जाते. ओट्सचेच पाहा. ४० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १५० उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम चोथा असतो. ४५ ग्रॅम ज्वारीच्या पिठात हे तिन्ही आकडे जवळजवळ तसेच येतात. मग त्या पिठाची उकड करावी, आंबील करावी की पातळ भाकरी थापावी, हा ज्याच्या-त्याच्या जिभेचा प्रश्न आहे. ओट्समध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारा एक विशिष्ट प्रकारचा चोथा असतो, हे खरे. ज्यांना नेमका तोच हवा आहे त्यांनी जव खावेत, त्यांतही तो असतो.

अंड्यांचा प्रश्न अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण तो निव्वळ आवडीचा नाही. माळकऱ्याला अंडे कायमचे वर्ज्य असते आणि इतरही पुष्कळ घरांत वार पाळले जातात, सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय संपूर्ण श्रावण. तक्त्यात ‘शाकाहारींनी पनीर घ्यावे’ अशी एक ओळ कधीकधी तळटीपेत असते. दोन अंड्यांत सुमारे १२ ते १३ ग्रॅम प्रथिने आणि १४० उष्मांक असतात. तितकी प्रथिने मिळवायला ७० ग्रॅम पनीर लागते आणि त्याबरोबर सुमारे १८० उष्मांक येतात. बाजारातला पनीरचा २०० ग्रॅमचा तुकडा दोघांत एका वेळी संपवला तर वजन का घटत नाही, हे विचारायला दवाखान्यात जावे लागत नाही. २५ ग्रॅम सुक्या सोयावड्यांत तेवढीच प्रथिने ८५ ते ९० उष्मांकांत मिळतात, मात्र त्यांचा वास सगळ्यांना सोसत नाही; त्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळून आले-लसणाच्या वाटणात परतल्या तर तो बराच कमी होतो. मुगाची उसळ हा आमच्याकडचा सर्वांत सोयीचा पर्याय, पण तेथे एक खोच आहे. १३ ग्रॅम प्रथिनांसाठी ५५ ग्रॅमच्या आसपास कोरडे मूग लागतात आणि त्यांच्याबरोबर २५ ग्रॅमभर कर्बोदकेही येतात, जी अंड्यात नसतात. तेव्हा अंड्याऐवजी उसळ घेतलेल्या दिवशी भाकरी अर्धी करावी लागते. हे एक वाक्य ‘ऐवजी’च्या रकान्यात लिहिले तर वाचकाचा गोंधळ होणार नाही. आणि वाटीभर पातळ वरणाला कोणी डाळीचे पूर्ण माप समजू नये. आमच्या घरच्या वरणाच्या एका वाटीत मोजून २० ग्रॅम डाळ निघाली, म्हणजे प्रथिने साडेचार ग्रॅम. बाकी पाणी, हळद आणि समाधान.

दूध न आवडणाऱ्यांचा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. तितक्याच दुधाचे दही घ्यावे, ते पचायलाही बहुतेकांना सोपे जाते. पातळ ताकाचा एक पेला म्हणजे दुधाचा एक पेला नव्हे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी आणि तीळ आपल्या घरात असतातच.

परदेशी नावांच्या पदार्थांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. तक्त्यात ब्रोकोली, केल, किन्वा, अव्होकाडो आणि ग्रीक योगर्ट आले की तालुक्याच्या गावातील वाचक पहिल्याच नजरेत मनाशी म्हणतो की हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. वास्तविक ब्रोकोली, केल, फुलकोबी, पानकोबी आणि नवलकोल या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या भाज्या आहेत. ब्रोकोलीच्या जागी नवलकोल किंवा फुलकोबी घेतल्याने वजनाच्या हिशेबात काहीही बिघडत नाही. क जीवनसत्त्वाची उणीव वाटत असेल तर एक पेरू ती भरून काढून वर उरवतो. किन्वा आणि राजगिरा एकाच वनस्पती-कुळातले असून दोहोंत प्रथिने सुमारे १३ टक्के आहेत, फरक किमतीत आहे. ग्रीक योगर्ट म्हणजे फडक्यात बांधून पाणी काढलेले दही, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या चक्का म्हणतो. त्यात साखर घालून त्याचे श्रीखंड केले नाही, म्हणजे झाले. लेट्यूसच्या पानांऐवजी आमच्या भागात घोळाणा आहे: हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून, मीठ, लिंबू आणि चिमूटभर कूट लावून. अर्ध्या अव्होकाडोत, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम गरात, १६० उष्मांक आणि १५ ग्रॅम मेद असतो. ३० ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांतही उष्मांक जवळपास तितकेच भरतात. दोहोंना लोक ‘पौष्टिक’ म्हणून मोजणीतून सूट देतात, ती मात्र देऊ नये. कुटाच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याने स्वतःकडे पाहायला हवे. आमच्या प्रत्येक भाजीत पळीभर कूट पडते आणि तक्त्यात ते कोठेच नोंदलेले नसते.

येथे एका ठिकाणी मात्र बदली पूर्ण होत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सॅमनऐवजी मासे खाणाऱ्यांनी बांगडा किंवा तारली खावी, कोकण-गोव्याला तर ते सांगायचीही गरज नाही. परंतु माळकऱ्याला सुचवली जाणारी जवसाची चटणी आणि मासा यांतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले एकाच प्रकारची नसतात. जवसातील प्रकाराचे माशातील प्रकारात रूपांतर शरीरात फार थोडे होते. म्हणून जवस खाऊ नये असे नाही. जवसाची चटणी मी रोज करते. परंतु ‘ऐवजी’ या शब्दाचा दर्जा प्रत्येक ओळीत सारखा नसतो, आणि जेथे तो कमी आहे तेथे रकान्यात तसे छापावे.

पदार्थ बदलण्याआधी त्याचे रूप बदलून पाहावे, हेही मला आवर्जून नोंदवायचे आहे. ‘मला दुधी आवडत नाही’ असे म्हणणाऱ्या शंभरांतल्या बहुतेकांना दुधीची पाणचट, फिकट, डब्यात थंड झालेली भाजी आवडत नसते. तोच दुधी किसून ज्वारी-बेसनाच्या थालीपिठात घातला, किंवा चणाडाळ घालून गोडा मसाल्यात शिजवला, तर आमच्या घरी तो मुकाट्याने संपतो, आणि मी त्याचे नाव जेवण झाल्यावरच सांगते. शेपूचा उग्रपणा मूगडाळीने आणि लसणाच्या फोडणीने निवळतो. अंबाडीला ज्वारीच्या कण्या लागतात. कारल्याबाबत सक्ती करणारे जे आहेत, त्यांनी एक जुनी हकीकत लक्षात घ्यावी. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली, तेव्हा त्याच्या सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली आणि त्याला स्वतःला काहीच चव लागली नाही. त्या प्रसंगातून काही कडू चवी ओळखण्याची क्षमता माणसागणिक वेगळी आणि आनुवंशिक असते, हे पुढे आले. तेव्हा एखाद्या नातवाला एखादी भाजी खरोखरच तुमच्यापेक्षा अधिक कडू लागत असेल, हे शक्य आहे. मात्र रूप बदलण्याच्या नादात तेलाचा बुधला उपडा होऊ नये. कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या, भेंडीचे तळलेले काप आणि तळलेल्या अळुवड्या यांनी भाजी गोड होते ती तेलामुळे, आणि तेलाच्या प्रत्येक लहान चमच्यामागे ४५ उष्मांक चढतात. वड्या उकडून तशाच खाता येतात. त्यांना तव्यावर थेंबभर तेल पुरते.

आता एकादशी. महिन्यातून दोन, म्हणजे वर्षाला चोवीस, शिवाय चतुर्थी आणि श्रावणी सोमवार. एवढे दिवस ज्या तक्त्यात नाहीत, तो तक्ता निदान आमच्या गावात निम्मा कोराच म्हटला पाहिजे. उपवासाच्या दिवशी आहार-नियम सुटतो आणि आषाढीला तर गावभर खिचडीचा वास दरवळत असतो. मीही तिची शत्रू नाही. पण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून काढलेला निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यात प्रथिने नावालाही नाहीत. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन लहान चमचे तूप आणि एक लहान बटाटा अशी एका माणसाची बशी मांडली, तर ती ५०० उष्मांकांच्या पुढे जाते, प्रथिने मात्र ७ ग्रॅमच्या आसपासच मिळतात, तीही बहुतेक शेंगदाण्यांची कृपा. त्याऐवजी ४० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, २०० ग्रॅम गाईच्या दुधाचे दही आणि १० ग्रॅम कूट घातलेली काकडीची कोशिंबीर घेतली, तर सव्वातीनशेच्या आसपास उष्मांक आणि सुमारे १४ ग्रॅम प्रथिने होतात. उपवासाचा एकही नियम मोडत नाही आणि संध्याकाळी डोके दुखत नाही. वरईचे तांदूळही चालतात, पण त्यांच्यावर दाण्याची आमटी ओतताना हात आवरावा लागतो. आपल्या परंपरेला पर्याय शोधण्याची सवय मुळातच आहे, हेही येथे जाता जाता सांगते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी वर्ज्य करणारी घरे त्याआधी कांदेनवमी साजरी करतात आणि नंतरचे चार महिने हिंग, आले आणि नारळ यांवर तोच स्वयंपाक चविष्ट करून दाखवतात. ज्या गृहिणीला हे जमते, तिला ब्रोकोलीची बदली सुचणार नाही असे नाही. तिला फक्त कोणत्या गटात शोधायचे आणि किती घ्यायचे, एवढे सांगावे लागते.

काही माणसांनी मात्र ‘ऐवजी’चा रकाना पाहूनही आपल्या मनाने बदल करू नयेत, आणि हा इशारा तक्त्याच्या डोक्यावर ठळक छापावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमवर आणि प्रथिनांवर मर्यादा असू शकते. त्यांनी भाताऐवजी कडधान्य किंवा चहाऐवजी नारळपाणी अशी बदली डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये, कारण औषधाची मात्रा त्या प्रमाणाशी जुळवलेली असते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना धान्य अचानक तोडले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. थायरॉईडची गोळी आणि सोयाबीनचे पदार्थ यांच्यात काही तासांचे अंतर असावे.

माझी स्वतःची एक तक्रारही येथे लिहिते, कोणाचे नाव न घेता. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका शहरातील दवाखान्यात आहाराचा सल्ला घेण्यासाठी गेलो होतो. वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तातील साखर, सगळे टिपून घेतले गेले आणि छापील तक्ता हातात आला. यजमानांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसत होती, तरी तक्त्यात आठवड्यातून चार वेळा अंड्याचा पांढरा भाग होता. विचारले, तेव्हा ‘मग ते सोडून द्या’ असे उत्तर मिळाले. सोडून देण्याने ताटातील तेवढी प्रथिने कमी होतात, हे त्या टेबलामागच्या व्यक्तीला माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. पण समोर रांग होती आणि तक्ता सर्वांना एकच होता. ‘काय खात नाही, का खात नाही आणि घरात स्वयंपाक कोण करते’ हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरली असती.

अर्थात दुसरी बाजूही आहे, आणि ती मी घरात रोज अनुभवते. नावडीची यादी विचारली की काही जण इतकी लांब सांगतात की शेवटी श्रीखंड आणि पुऱ्या तेवढ्या उरतात. म्हणून माझ्या घरी मी एक मर्यादा घातली आहे: भाज्यांच्या गटातील तीन नावे कायमची वगळायची, चौथे नाव घातले तर आधीचे एक परत आणायचे. यजमानांनी दुधी वगळला होता. पुढे तोंडली नकोशी झाली, तेव्हा त्यांना दुधी आणि तोंडली यांत निवड करावी लागली आणि दुधी सन्मानाने परत आला. गेल्या अकरा महिन्यांत त्यांचे वजन सात किलोने उतरले आहे. त्याचे श्रेय रोजच्या घाटावरच्या फेरीलाही आहे, त्यामुळे त्या आकड्याचा मी पुरावा म्हणून उपयोग करीत नाही.

आपल्या पुरवणीतील सात दिवसांच्या तक्त्याला जोडता येईल असा ‘ऐवजी’चा रकाना मी ग्रॅममधील मापांसह हाताने लिहून या पत्रासोबत पाठवीत आहे. तो छापण्यापूर्वी आपल्या आहारतज्ज्ञांकडून अवश्य तपासून घ्यावा. भात आणि भाकरीची मापे आमच्या घरच्या तराजूवर घेतलेली आहेत आणि तो तराजू पाच ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. जागेअभावी सगळा रकाना देणे शक्य नसेल, तर निदान एकादशीची ओळ पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशीच्या अंकात द्यावी, म्हणजे राजगिरा दळून आणायला वाचकांना एक संध्याकाळ मिळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका,
पंढरपूर